मॅट उचलायची नाही

गाडी आतून धुवायची नसते, पुसायची असते. हे मला ज्या माणसाने शिकवलं त्याचा विषय निघाला की मी अजूनही खोलीतून उठून जाते. पण शिकवलं चोख, हे कबूल करायला हवं. आज माझी स्वतःची गाडी आहे आणि तिच्या सीटा मी त्याच पद्धतीने साफ करते. चिमूटभर धुण्याची पावडर, अर्धी बादली कोमट पाणी, मऊ फडकं. राग मात्र बादलीभर येतो.

तो माणूस म्हणजे बाबांचे मित्र. मी त्यांना काका म्हणायचे. अंबरनाथला मोरिवलीजवळ ज्या केमिकल कारखान्यात बाबा प्रॉडक्शनला होते, तिथे काका लॅब सांभाळायचे. वीस वर्षांची मैत्री. बाबा तसे माणूसघाणे, लग्नामुंजींनासुद्धा जेवणापुरते जाणारे. पण काका आले की आतल्या खोलीत आम्हाला त्यांचं हसू ऐकू यायचं. बाबा हसतात हे मला काकांमुळेच कळलं, असं मी गमतीने म्हणायचे.

काका राहायचे बदलापूरला, मांजर्लीत. त्या वर्षी पावसाळ्यात नदी मांजर्लीत शिरली आणि त्यांच्या घरात छातीएवढं पाणी उभं राहिलं. तिसऱ्या दिवशी वाट मोकळी झाल्यावर बाबा शिधा आणि चादरी घेऊन गेले आणि रजा टाकून चार दिवस त्यांच्याकडे गाळ उपसत राहिले. परत आले तेव्हा त्यांच्या नखांत तो तपकिरी गाळ भरलेला होता. काकांच्या गाडीचं काय झालं, हे आईने आधी विचारलं. नशीब म्हणायचं, बाबा म्हणाले, आदल्याच दिवशी त्याने ती स्टेशनच्या पूर्वेला मेहुण्याच्या दारात नेऊन लावली होती, तिथे पाणी चढत नाही. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. ती गाडी तेव्हा आमची नव्हती तरी.

ती आमची झाली आईच्या पाठीमुळे. आई उल्हासनगरला कॅम्प पाचमधल्या शाळेत मराठी शिकवायची. बावीस वर्षं त्याच शाळेत होती. पुराच्या आधीच्या उन्हाळ्यात तिच्या मणक्यातली चकती सरकली आणि डॉक्टरांनी रिक्षा बंद करायला सांगितली. आमच्याकडून कॅम्प पाच काही लांब नाही, पण त्या रस्त्याने रिक्षात बसून जायचं म्हणजे धडधाकट माणसाचीही हाडं मोजून निघायची. शाळा सोडायची नसेल तर गाडी घ्यायला हवी, आणि शाळा सोडायची हा शब्द आई काढू देत नव्हती. श्रावणात काका स्वतःहून म्हणाले की बाहेर कुठे शोधत बसता, माझीच घेऊन जा. मला आता नदीकाठी गाडी ठेवायची भीतीच बसली आहे.

बाबांची ड्युटी सकाळपासून संध्याकाळपर्यंत. माझं कॉलेज सकाळचं आणि आईची शाळा दुपारची. तेव्हा गाडी मी चालवायची असं ठरलं. एकोणीस वर्षांच्या मुलीच्या हातात गाडीची किल्ली देणारे बाप तेव्हा आमच्या अख्ख्या गल्लीत नव्हते. बाबांनी ती मला दिली ती सगळ्यांसमोर, आणि म्हणाले, "आईची शाळा आता तुझ्यावर आहे." मी किल्ली रात्री उशाखाली घेऊन झोपायचे. हसायला येतं, पण झोपायचे.

गाडी ताब्यात द्यायच्या आधी काकांनी मला दोन रविवार मांजर्लीला बोलावलं. म्हणाले, मला मुलगी नाही, तेव्हा हे तुलाच शिकवतो. त्यांच्या भिंतींना छातीपर्यंत नवा ऑइलपेंट होता, वर जुना चुना तसाच. अंगणात सावलीत गाडी उभी करून, चारही दारं सताड उघडून, त्यांनी शिकवणी सुरू केली.

पहिला धडा पावडरचा. उल्हासनगरच्या बाजारातून आई किलोवर सुटी पावडर आणायची, निळे दाणे घातलेली. कपडे लख्ख निघायचे आणि आईच्या बोटांना भेगा पडायच्या. काकांनी ती चिमूटभर पाण्यात विरघळवली, खिशातून लॅबमधली पीएच पेपरची पुडी काढली आणि एक पट्टी बुडवली. पट्टी गडद निळी झाली. यात सोडा आहे, म्हणाले, हिने रेक्झिन तडकेल आणि शिवणीचा दोरा कुजेल. मग लोकरीच्या कपड्यांची सौम्य पावडर घेतली. पट्टी हिरवट झाली. हिरवी आली तर गाडीला, निळी आली तर मोरीला. अंबरनाथची माणसं घरातही कारखाना आणतात, त्यातला हा प्रकार. पण पुढे वर्षानुवर्षं मी पट्टी बुडवल्याशिवाय कुठल्याही साबणावर विश्वास ठेवला नाही. माणसांसाठी तशी पट्टी मिळत नाही.

दुसरा धडा फेसाचा. पावडर पूर्ण विरघळू द्यायची, नाहीतर दाण्यांनी ओरखडे उठतात. मग हाताने पाणी घुसळायचं आणि फक्त वरचा फेस फडक्यावर घ्यायचा. आधी सीटच्या मागे, कोणाला दिसणार नाही अशा जागी लावून बघायचा. रंग उतरला नाही तर पुढे जायचं. एका वेळी हातभर जागा, लगेच साध्या ओल्या फडक्याने दोनदा पुसायचं, मग कोरड्याने. साबण राहिला तर रेक्झिन चिकट होतं आणि धूळ धरतं. स्टिअरिंगवर राहिला तर वळणावर हात सटकतो. छताच्या कापडाला फार हात लावायचा नाही, त्याचा गोंद सुटतो. डॅशबोर्डच्या खाली वायरी, तिकडे ओलं फडकं न्यायचंच नाही. शेवटी दारं उघडी ठेवून सावलीत वाळवायची.

"आणि खालची मॅट उचलायची नाही," काका म्हणाले. "चिकटवलेली आहे, फाटेल. आणि खाली पाणी तर मुळीच ओतायचं नाही. फेस, बास."

मी मान डोलावली. शब्द न् शब्द बरोबर होता, हेच तर त्यातलं वाईट आहे. कुठलाही जाणकार तुम्हाला हेच सांगेल. खोटं बोलायचं तर इतकं खरं बोलावं की माणसाने वहीत लिहून घ्यावं. मी वहीत लिहून घेतलं होतं.

दोन महिने मजेत गेले. दुपारी आईला सोडायचं, संध्याकाळी आणायचं. आई मागच्या सीटवर डाव्या बाजूला, पाठीशी उशी घेऊन बसायची आणि तिथूनच मला खड्डे दाखवायची. शाळेच्या फाटकाशी तिच्या वर्गातल्या पोरी गाडीभोवती गोळा व्हायच्या, आणि बाईंची मुलगी गाडी चालवते याचं त्यांना कोण अप्रूप. मी दर रविवारी फेसाने सीटा पुसायचे. पण गाडीत एक वास होता. बंद केली की जास्त यायचा, तळ्याच्या काठावर येतो तसा. काकांनी खणात नीलगिरीच्या तेलाचा बोळा ठेवला होता. जुन्या गाडीला वास असायचाच, असं ते म्हणाले होते.

खंडेनवमीची दुपार होती. दुसऱ्या दिवशी दसरा, गाडीची पहिली पूजा. बाबांनी हार सांगून ठेवला होता. शाळेला सुट्टी असल्यामुळे माझ्याकडे वेळ होता आणि मला तो वास असलेली गाडी पूजेला उभी करायची नव्हती. मी वाकून हुंगत हुंगत मॅटपर्यंत पोचले. कडेला बोट घातलं, तर मॅट कुठे चिकटवलेलीच नव्हती. सहज वर आली.

खाली वर्तमानपत्रं होती. कात्रीने नीट कापून, गाडीच्या जमिनीच्या आकाराची केलेली. कागदांखाली जाड फेल्ट, दाबलेल्या लोकरीचं अस्तर असतं तसा, आणि फेल्टच्या खाली बोटभर गाळ. तपकिरी, मऊ, बाबांच्या नखांत होता तोच. त्यात भाताचा कोंडा होता आणि नखाएवढी एक गोगलगाय, वाळून कवच राहिलेली. मी ती तळहातावर घेतली. मेहुण्याच्या दारात, उंचावर लावलेल्या गाडीत ती कशी चढली असेल, याचा मी खरोखर दोन मिनिटं विचार केला. इतका माझा विश्वास होता.

मग कागद पाहिले. काका शब्दकोडं सोडवायचे, रोज, हिरव्या शाईने. लॅबच्या रजिस्टरवर सही करायच्या पेनाने. इथल्या दोन कागदांवर कोडी सुटलेली होती, हिरव्या शाईत, त्यांच्या त्या उभट अक्षरात. पेपर पुरानंतरचे होते. म्हणजे कोणी परस्पर केलं नव्हतं. त्यांनी स्वतः बसून मापं घेतली होती, कात्री चालवली होती, आणि वर मला फेसाची शिकवणी दिली होती. मला रडू आलं नाही, लाज वाटली. त्यांची लाज मला वाटली.

आता पुढे जे मी केलं ते आमच्यासारख्या घरात वाढलेली मुलगीच करेल. घाण दिसली की आधी काढायची, मग विचार करायचा. उद्या सकाळी बाबा आरतीचं ताट घेऊन या गाडीपाशी उभे राहणार होते. त्यांना हे असं, सणाच्या दिवशी दिसू नये, एवढंच डोक्यात होतं. मी गाळ खरवडून काढला, चार बादल्या पाणी ओतलं, सुट्या पावडरने जमीन घासली, आणि ते कागद नेहमीच्या सवयीने मागच्या न्हाणीघरात बंबात घातले. संध्याकाळच्या अंघोळीचं पाणी त्यांच्यावरच तापलं. फेल्ट मात्र वाळेना. तसाच पसरून वर मॅट टाकली.

दसऱ्याला पूजा झाली. बाबांनी चाकाखाली लिंबं ठेवली, गाडी पुढे घेतली, आईने पेढे वाटले. संध्याकाळी मी आपट्याची पानं घेऊन एकटी मांजर्लीला गेले. मला वाटत होतं, मी मोठी झाले आहे. आरडाओरडा न करता, त्यांची अब्रू राखून, हे मी मिटवणार होते. पानं त्यांच्या हातात दिली, पाया पडले आणि सांगितलं, काका, मी मॅट उचलली.

त्यांनी हातातली पानं एकावर एक नीट रचली. पुरात घर गेलं होतं, म्हणाले, हातात काही उरलं नव्हतं, गाडी तेवढी पुसून उभी करता आली. मग म्हणाले, "रविवारी येतो. त्याला मीच सांगतो. तू काही बोलू नकोस बाळा, माझ्या तोंडून ऐकू दे त्याला."

मी हो म्हटलं. त्यांचे डोळे भरले होते, माझेही भरले. निघताना त्यांनी विचारलं की ते कागद ठेवलेस का. मी म्हटलं, बंबात घातले. आणि गाळ? धुऊन टाकला. बरं केलंस, ते म्हणाले. आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

रविवारी आले. पोहे खाल्ले, चहा घेतला. मी दाराला टेकून वाट बघत उभी होते. मग ते बाबांना म्हणाले, चल, जरा गाडी बघू, पोरीने कशी ठेवली आहे. दोघं अंगणात गेले. मॅट उचलल्याचा आवाज आला. आत येताना बाबांचा चेहरा उतरला होता, आणि काका मान हलवत होते.

"बाळा, मी सांगितलं होतं ना, खाली पाणी ओतू नकोस म्हणून," ते म्हणाले. "फेल्ट कुजला सगळा. पत्र्याला गंज धरलाय."

आवाज इतका मायेचा होता की क्षणभर मलाच वाटलं, आपण काहीतरी केलं असेल. मग मी बोलायला लागले. गाळ, कोंडा, गोगलगाय, हिरवी शाई, मांजर्लीतलं बोलणं, सगळं. बाबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि दोनच गोष्टी विचारल्या. कागद कुठे आहेत? जाळले. पाणी ओतलंस का? ओतलं. काका मधे पडून म्हणाले, जाऊ दे रे, लहान आहे, घाबरून काहीतरी सांगते. मला त्यांना ओरबाडावंसं वाटलं. मी आईकडे पाहिलं. आई पोह्यांच्या रिकाम्या ताटल्या गोळा करत होती, आणि ती गोळाच करत राहिली.

बाबांनी मला काकांची माफी मागायला लावली. मी मागितली. माझ्या आयुष्यात मी खोटं बोलले असेन तर ते त्या दिवशी, "चुकलं काका" म्हणताना. बाबांनी खुंटीवरची किल्ली काढून शर्टाच्या खिशात टाकली.

त्यानंतर मी ती गाडी चालवली नाही. बाबांना वेळ नव्हता, म्हणून आई पुन्हा रिक्षाने जाऊ लागली. संध्याकाळी आली की भिंत धरून पलंगापर्यंत जायची. मी एकदा किल्ली मागितली. आईसाठी मागितली, माझ्यासाठी नाही. बाबा म्हणाले, ज्याला सांभाळता येत नाही आणि वर जो खोटं बोलतो, त्याच्या हातात मी आईचा जीव देणार नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर आईला सकाळी उठताच येईना. तिने राजीनामा लिहिला आणि तो शाळेत नेऊन द्यायला मला सांगितलं. फाटकाशी त्या पोरींनी विचारलं, बाई कधी येणार? मी म्हटलं, येतील.

काका येत राहिले. एक रविवार सोडून एक. मी चहा करायचे, त्यांच्यासमोर ठेवायचे आणि आत जायचे. बाबांचं हसू पूर्वीसारखंच ऐकू यायचं. आई घरात मुलांच्या शिकवण्या घ्यायची, पलंगावर बसून, पण फळा-खडूची तिची सवय जाईना. बोलता बोलता हात वर उचलायची आणि मग खाली घ्यायची. ते पाहिलं की मला वाटायचं, माझ्या चार बादल्यांनी हे केलं. गाळ खरा होता हे मला ठाऊक होतं. पण मी तो धुतला नसता तर, हे मात्र मनातून जात नव्हतं. सहा वर्षं मी हे वागवलं.

सहा वर्षांनी बाबांनी गाडी विकायला काढली. मी तेव्हा कल्याणला नोकरीला होते. एका शनिवारी बाबा मला म्हणाले, कॅम्प पाचला मेकॅनिककडे जाऊन येऊ. तो सिंधी मेकॅनिक जुना, बाबांच्या माहितीतला. त्याने आतली सीट बाहेर काढली, दाराचं रेक्झिन सोडवलं आणि आतल्या पत्र्यावर बोट फिरवलं. पत्र्यावर आडवी तपकिरी रेघ होती, सीटच्याही वर. वायरींच्या जुडग्यात माती अडकून दगड झाली होती. माझं बोट आपोआप त्या रेघेवर गेलं. त्याला वाटलं मला हे ठाऊकच असणार, म्हणून तो बाबांकडे वळून हसत म्हणाला,

"साब, मैंने तो उस साल दशहरे के अगले ही हफ्ते में दिखाया था आपको. बाढ़ की गाड़ी है. बाल्टी के पानी से दरवाजे में मिट्टी नहीं चढ़ती. आपने बोला, बंद कर दो."

मेकॅनिकने पाना उचलला आणि तो बोनेटकडे गेला. मी विचारलं, त्याच आठवड्यात? बाबांनी होकारार्थी मान हलवली. फेल्ट बदलायला म्हणून त्यांनी गाडी इथे आणली होती, आणि तेव्हा मेकॅनिकने दार उघडून दाखवलं होतं.

"मग मला का नाही सांगितलंत?"

ते चष्मा पुसत राहिले. पुसून झाल्यावरही पुसत राहिले.

"त्याला तोंडावर विचारलं असतं तर तो परत आला नसता," ते म्हणाले. "तू घरचीच होतीस. तू कुठे जाणार होतीस?"

मला काका त्या क्षणी आठवलेच नाहीत. इतकी वर्षं मी ज्या माणसाचा राग केला तो एकदम लहान झाला. त्यांचं घर बुडालं होतं, ते घाबरले होते, त्यांनी फसवलं. हे निदान समजतं. पण ज्याने सगळ्यांसमोर माझ्या हातात किल्ली दिली, त्याने मी खरी आहे हे कळल्यावर ती किल्ली खिशातच ठेवली. रोज खिशात घेऊन कामाला गेला, आणि रोज संध्याकाळी भिंत धरून चालणारी आई बघत राहिला.

मेकॅनिकने सीट बसवून दिली. बाबांनी किल्ली माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, घे, आज तू चालव. मी मागचं दार उघडून आईच्या जागेवर बसले. ते पुढे जाऊन स्टिअरिंगवर बसले.

आई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून चहा करत होती. काय म्हणाला मेकॅनिक, तिने विचारलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. सांगू नको, असं ते डोळ्यांनी म्हणत होते. मी त्यांच्या डोळ्यांत बघतच आईला सांगितलं. रेघ, माती, दसऱ्यानंतरचा आठवडा, सगळं. आईने मधे एकदाही थांबवलं नाही. ऐकून झाल्यावर ती माझ्याकडे वळलीच नाही, बाबांकडे वळली.

"तुम्हाला कळलं ते मी राजीनामा द्यायच्या आधी, की नंतर?"

"आधी," बाबा म्हणाले.

आईने गॅस बंद केला. चहा तीन कपांसाठी टाकलेला होता. तिने दोन कप काढले, एक माझ्या हातात दिला, एक स्वतः घेतला, आणि भिंत धरून आतल्या खोलीत गेली.